सुभागदीदी आणि बाबांच्या गाई

सुभागवती माझी नणंद. माझ्या नवऱ्याहून, भानहून, बरीच मोठी. आमच्या बेटावरच्या वाइलोआच्या खोऱ्यात तिला तोंडावर सगळे 'डॉक्टर' म्हणायचे आणि पाठीमागे 'सुईवाली'. तिची पांढरी सरकारी गाडी पुलावरून वर चढायला लागली, की पुलाजवळच्या घरातून वरच्या घराला हाक जायची, वरच्या घरातून त्याच्या वरच्या घराला, आणि खोऱ्यातली फाटकं एकामागून एक लागत जायची. कुणाच्या गाई डोंगरावर गेलेल्या असत, कुणाचा दोर नेमका आजच तुटलेला असे, आणि कुणी घरात असून नसे.

लोकांचं तरी काय चुकत होतं? ती येऊन गाईंचं रक्त घेऊन जायची आणि काही दिवसांनी कुणाच्या तरी दारात लॉरी उभी राहायची. त्या लॉरीत चढलेली गाय परत येत नसे.

रोगाचं नाव ब्रुसेला. गाय गाभडते, दूध आटतं, पण वरून पाहाल तर जनावर धडधाकट. तीच तर पंचाईत. मरायला टेकलेली गाय नेली तर माणूस एक वेळ समजून घेतो. पण चरणारी, रवंथ करणारी, नावाने हाक मारली की मान वळवणारी गाय एका कागदाच्या जोरावर कापायला न्यायची, हे कुणाच्या गळी उतरायचं?

दीदी मनिलाहून जनावरांची डॉक्टर होऊन आली आणि नदीकाठच्या सरकारी प्रयोगशाळेत लागली. तिचं खरं काम दुधावरचं. मला तिने एकदा तिथे नेऊन दाखवलं होतं. काचेच्या बारीक नळीत दूध घ्यायचं, त्यात निळ्या औषधाचा थेंब टाकायचा आणि नळी उबेला ठेवायची. कळप निरोगी असेल तर सगळं दूध फिकट निळं राहतं. रोग असेल तर तो निळा रंग सायीबरोबर वर चढतो आणि नळीच्या तोंडाशी गडद कडं धरतो.

"म्हणजे रक्त न काढताच कळतं?" मी विचारलं होतं.

"अख्ख्या कळपाचं कळतं. मग कडं धरलं त्याच कळपाच्या मागे लागायचं. बाकीच्यांच्या गाईंना उगाच सुई कशाला?"

पण परदेशात बसवलेलं माप इथे फसायचं. आमचं दूध रस्त्याकडेला उन्हात उभं असतं, पावसाळी गवतावरचं दूध पातळ येतं. कडं नको तिथे दिसायचं आणि हवं तिथे नाही. ते इथल्या दुधाला बसवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. कितीतरी गाई तिच्या त्या खटपटीमुळे लॉरीत चढायच्या वाचल्या. ते मात्र कुणाला दिसलं नाही. न आलेली लॉरी कुणाला दिसणार?

आमच्या घरचं दूध तिच्या नळीत कधी गेलंच नाही, कारण नमुने दुधाच्या कारखान्यातून यायचे आणि आम्ही तिथे दूध घालत नव्हतो. माझे सासरे, बिसुन दयाल, सगळं दूध शेजारीपाजारी आणि मंदिरात देत. दीदी म्हणायची, "बाबा, एकदा आपल्याही गाईंचं रक्त बघू या." त्यावर ते हसून म्हणत, "लोकांच्या गाईंना टोच. माझ्या गाई माझ्या डोळ्यांसमोर जन्मल्यात. त्यांच्या आजीची आजी मला माहीत आहे." आणि दीदी तो विषय सोडून द्यायची. सगळ्या खोऱ्याशी भांडून आलेल्या माणसाला घरात तरी भांडण नको असतं.

बाबांचा तिच्यावर फार जीव. सासूबाई लवकर गेल्या, दोन्ही मुलांना त्यांनीच वाढवलं. मंगळवारच्या भजनाला कुणी नवा माणूस आला, की अंगणातल्या देवाच्या लाल झेंडीपाशी उभं राहून ते सांगायचे, "ही माझी मुलगी. हिच्या सहीवाचून इथली गाय हलत नाही." कुणीतरी तोंड वाकडं करून म्हणायचं, "हलते ना काका, लॉरीतून हलते." बाबा तेही हसण्यावारी न्यायचे.

मोठं वादळ आलं त्या वर्षी आमचं अर्धं छप्पर गेलं, आणि खोऱ्यातली कुंपणं तर सगळीच. कुणाच्या गाई कुणाच्या कुरणात, काही पत्ता नव्हता. बाबांच्या गाई तीन आठवडे वरच्या अंगाला भटकत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी एकेकीला कुरवाळून मोजलं, झेंडीला नारळ फोडला.

त्याच वर्षाच्या शेवटी माझं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. मी लांबाशाची, दुसऱ्या बेटावरची, माहेर समुद्रापलीकडे. बाबांनीच मला बापासारखं सांभाळलं. गोठ्यातलं कच्चं दूध ते मला आधीही द्यायचे; पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तर रोज सकाळी ते स्वतः गोठ्यातून फेसाळ दुधाचा पेला घेऊन यायचे. "घे ग्यानो, धारोष्ण आहे. भूरीचं. भरभर पी, ऊब जायच्या आत."

दीदी ओरडायची, "बाबा, उकळून द्या तिला!"

"उकळलं की दुधातला जीव जातो."

"जीवच मारायचा असतो त्यातला!"

"ही बघ डॉक्टर! याच दुधावर एवढी घोड्यासारखी वाढली, आणि मला शिकवते."

मी दोघांची मनं राखायची. दीदीसमोर उकळलेलं प्यायची आणि ती बसने गेली की बाबांच्या हातचं. मला ते आवडायचंही.

माझ्या दुसऱ्या खेपेच्या सुरुवातीलाच चंपा गाय गाभडली. रविवार होता, दीदी घरी होती. वासरू अडकलेलं, मेलेलं. हातमोजे प्रयोगशाळेत राहिलेले. दीदीने पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला आणि अर्धा तास झगडून ते बाहेर ओढलं. वार पडेना, तीही तिने हातानेच सोडवली. हाताला खिळ्याचा ओरखडा होता, पण चंपा तडफडत असताना तिकडे बघायला वेळ कुणाला होता? नंतर ती म्हणाली, "यातला तुकडा मी तपासायला नेते." पण ती हात धुऊन येईपर्यंत बाबांनी सगळं केळीखाली पुरून टाकलं होतं. "वादळाची भीती बसलीय गाईच्या पोटात," ते म्हणाले. "मेल्या वासराला तरी सुई नको."

त्यानंतर महिनाभराने दीदीला ताप यायला लागला.

तो ताप विचित्र. सकाळी ती ठणठणीत असायची, दलोच्या कंदाची भाजी आणि रोटी खाऊन बस पकडायची. दिवस कलला की अंग मोडून यायचं, घामाने चादर पिळून काढावी लागायची. शहरातल्या इस्पितळात म्हणाले डेंगी. मग म्हणाले विषमज्वर. मग गुडघे धरले, कंबर धरली, तेव्हा एका तरुण डॉक्टराने भानला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना काही झालेलं नाही. मनावर ताण आहे. लग्न झालंय का?"

खोऱ्यात तर आनंदच होता. "गाईंचे तळतळाट," लोक म्हणायचे. पुलाजवळची बाई मला दुकानात भेटली, म्हणाली, "नणंदेला सांग, आमच्या गोठ्यात येऊन गाईचे पाय धर. ताप उतरेल." मी घरी येऊन हे सांगितलं नाही. दीदीला ते आधीच कळलं होतं. ती नुसती झिजत होती आणि कामावर जात होती. रजा घेतली असती तर तिच्या जागी येणारं कुणी नव्हतं.

पुढचं मला सितिवेनीने सांगितलं. सितिवेनी म्हणजे तिचा ड्रायव्हर आणि जनावरं धरणारा मदतनीस. डोंगरापलीकडच्या कोरोचा, म्हणजे बेटावरच्या मूळ लोकांच्या गावचा, अंगाने रेड्यासारखा, मनाने लोणी. एका दुपारी तो भाकरी खायला बसला होता आणि दीदी पांढऱ्या फरशीवर थेंब तपासत होती. रक्ताच्या थेंबात गुलाबी औषध मिसळून फरशी हलवायची. रोग असेल तर त्यात रवा पडल्यासारखे दाणे धरतात. ती त्या फरशीकडे बघतच राहिली.

"दाणे धरले वाटतं," सितिवेनी तोंडात घास घेऊन म्हणाला. "कुठल्या गाईचं?"

"दोन पायांच्या."

तो हसला. मग त्याने तिच्या दंडाला लावलेला कापसाचा बोळा पाहिला आणि त्याचा घास तोंडातच राहिला. "इसा," एवढंच तो म्हणाला, त्याच्या भाषेतलं 'अरेरे'.

दीदीने तपासणी पुन्हा केली, मग आणखी एकदा. मग फरशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "सितिवेनी," ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी हातमोजे न घालता एकाच गाईला हात लावलाय."

तिला तेव्हाच सगळं दिसलं असणार. तोंड मिटून औषध घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? ती बरी झाली असती, गाई राहिल्या असत्या, बाप तिचा राहिला असता. पण रोज सकाळी माझ्या हातात पेला असायचा, आणि माझ्या पोटात सातवा महिना. मी चोरून काय पिते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मीच खुळी.

ती भर दुपारी घरी आली. गाडी फाटकापाशी थांबली तेव्हा बाबा ओट्यावर प्यायच्या यंगोनासाठी त्याच्या मुळांची पूड फडक्यात बांधून पाण्यात पिळत बसले होते. दीदी त्यांना ओलांडून थेट स्वयंपाकघरात आली. माझ्यासमोरचं दुधाचं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

"दीदी! खिरीचं होतं ते!"

"आजपासून या घरात कच्च्या दुधाला शिवायचं नाही. ग्यानो, हात पुढे कर. रक्त घेते."

बाबा दारात आले. "काय चाललंय?"

"बाबा, मला ब्रुसेला आहे. चंपाकडून आला."

ते दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "तू शंभर गोठे फिरतेस. माझ्याच गाईचं नाव का घेतेस?"

"बाकी सगळीकडे मी हातमोजे घालते. इथे नाही घातले. हे माझं घर होतं."

"घरची गोष्ट घरात राहू दे मग. औषध घे. मी ग्यानोला उकळून देईन, हवं तर दोनदा उकळीन. गाईंना वरच्या कुरणात बांधतो. मरेपर्यंत तिथून हलवणार नाही. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तू माझी मुलगी आहेस का सरकारची?"

 दीदी माझ्या दंडाला पट्टी आवळत होती, तिचे हात तापलेले होते. ताप चढायची वेळ झाली होती. तशातच बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, "ग्यानोचं पहिलं... ते या दुधाने गेलं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, बाबा."

"पण गेलं असेल?"

"असेल. नसेलही."

बाबा ओट्यावर परत गेले. फडकं तसंच पाण्यात पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सितिवेनी आला तेव्हा बाबांनी गाई बांधायला नकार दिला. आमच्या गाई परक्याला हात लावू देत नसत. भान कामावर निघून गेला. त्याला ना बहिणीकडे बघवत होतं ना बापाकडे. शेवटी पोट सावरत मीच गेले. भूरी, चंपा, लाली, एकेकीला हाक मारून दावणीला आणलं. त्या माझ्यामागून आल्या, जशा रोज येत. त्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

दुभत्या सगळ्या लागणीच्या निघाल्या. दोन कालवडी तेवढ्या सुटल्या. माझं रक्त स्वच्छ आलं. पण दीदी म्हणाली, पुन्हा बघावं लागेल, आणि नंतर पुन्हा. फाटकावर सरकारी पाटी लागली. जनावर आत नाही, बाहेर नाही, दूध विकायचं नाही. शेजारी येईनासे झाले. आम्ही चौघं एका घरात, आणि चौघांनाही बाहेर जायला वाट नाही, असं ते वाटायचं.

लॉरीचा दिवस ठरला तेव्हा बाबा पहिल्यांदा दीदीच्या खोलीच्या दारात गेले. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, "लॉरी नको. काय करायचं ते कर. पण माझ्या गाई कसायाच्या दारात उतरायच्या नाहीत."

दीदी साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, नियमात लॉरी आहे. ती म्हणाली, आपल्याच जमिनीत खोल पुरलं तर नियम मोडत नाही. साहेब म्हणाले, एवढं औषध कोण देणार, खड्डा कोण खणणार, आणि सुई कोण मारणार? सुई मारायला दुसरा डॉक्टर नव्हता. ती म्हणाली, मी.

सितिवेनीने त्याच्या कोरोतली माणसं आणली, नदीतली खडी काढणाऱ्याचं खणायचं यंत्र मागून आणलं. ते लोक उगाच बोलले नाहीत, हसले नाहीत. कुरणाच्या वरच्या टोकाला खड्डा झाला. दीदीने त्या दिवशी अंगात ताप असताना सहा गाईंना सुई दिली. आधी झोपेची, मग शेवटची. प्रत्येकीचं कपाळ ती डाव्या हाताने खाजवत राहायची, पाय मुडपेपर्यंत. पाचव्या गाईपर्यंत बाबा घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. भूरीची पाळी आली तेव्हा ते उठले. स्वतः दोर धरून तिला वर घेऊन गेले. तिची मान छातीशी धरून उभे राहिले. बापलेक एका गाईच्या दोन बाजूंना, त्यांच्या हातांमध्ये चार बोटांचं अंतर. भूरी खाली बसली तसे बाबाही खाली बसले.

मग ते नदीवर गेले, अंघोळ करून आले, आणि त्या संध्याकाळपासून दीदीशी बोलले नाहीत. तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही.

पंडितजी येऊन म्हणाले, लॉरीला दिल्या असत्या तर पाप कसायाला गेलं असतं, मुलीने हाताने आपल्या माथी घेतलं, प्रायश्चित्त करा. दीदी म्हणाली, "करीन, कंबर थोडी बरी झाली की." तिकडे खोऱ्यात वेगळाच जाळ. "आमच्या गाई लॉरीतून गेल्या आणि डॉक्टरच्या बापाच्या गाईंना समाधी? सुई तेव्हा कुठे होती?" ज्यांची जनावरं आधी गेली होती ते तिच्या गाडीवर चिखल फेकायचे.  सितिवेनी चिखल धुवायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, या खोऱ्यात माती फुकट मिळते म्हणून बरं. दगड मोजून वापरतात."

माझी मुलगी वेळेवर झाली, पूर्ण दिवसांची, रडकी. बाबांनी तिला दोन्ही हातांत घेतलं आणि खूप वेळ तिच्या तळपायांकडे बघत राहिले. दीदी दारात उभी होती. मी म्हटलं, "बाबा, दीदीकडे द्या ना." त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं. मी दीदीकडे दिलं. तेव्हापासून घरात सगळं असंच माझ्या हातून जातं.

"तिला सांग, पाऊस येतोय, छत्री ने," बाबा मला सांगतात. दीदी तीन हातांवर उभी असते.

"त्यांना सांग, त्यांची औषधाची गोळी संपलीय," दीदी मला सांगते.

मला आधी वाटायचं, हा गाईंचा राग. आता तसं वाटत नाही. माझं पहिलं बाळ कशाने गेलं असेल, ही शंका त्यांनी ज्या एकाच माणसाला विचारली ती दीदी. तिच्याकडे बघितलं की त्यांना तो पेला दिसत असणार. भान म्हणतो, तू फार विचार करतेस. करते. मधल्या माणसाला दुसरं काय काम असतं?

दीदीचा ताप औषधांनी गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. कंबर मात्र कायमची गेली. बसमध्ये ती उभ्यानेच प्रवास करते. खोऱ्यातल्या सगळ्या गोठ्यांत पुन्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि मुलगी चालायला लागल्यावर पाट्या निघाल्या. त्या दिवशी लोकांनी पुलाजवळ यंगोनाचा तानोआ, ती मोठी लाकडी परात, मांडला, सगळ्यांना करवंटीचा बिलो फिरवला. दीदीला बोलावणं नव्हतं. सितिवेनी मात्र बसला, आणि त्याने म्हणे भर सभेत विचारलं, "पाट्या काढल्या कुणी, देवाने का?" त्यावर कुणीतरी गाणं सुरू केलं.

गेल्या वर्षी दीदीची बदली आली, लांबाशाला. तिनेच अर्ज केला होता. माझ्या माहेरचा मुलूख. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटेल ही. तिथे तिला कुणी सुईवाली म्हणणार नाही, घरात अबोला नाही. मी तिचे कपडे इस्त्री करून पेटीत भरायला घेतले.

बदलीची बातमी मीच बाबांना सांगितली. ते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून, दीदीच्या बसची वेळ झाली की ते फाटकापाशी जाऊन उभे राहायला लागले. गवत बघतोय, म्हणायचे. बस आली, दीदी कंबरेवर हात ठेवून हळूहळू उतरली, की पाठ फिरवून तिच्या पुढे पुढे घराकडे चालायला लागायचे. तिला गाठता येईल एवढ्याच वेगाने.

आठवडाभर दीदीने हे पाहिलं. मग एका रविवारी मी पेटी भरत असताना ती आली आणि वरचे कपडे काढून परत खुंटीला लावायला लागली.

"दीदी, वेडी झालीस? पुन्हा बदली मिळणार नाही."

"माहीत आहे."

"ते तुझ्याशी बोलत नाहीत. तीन वर्षं झाली. तुझ्या हातचं पाणी घेत नाहीत. कशासाठी राहायचं?"

ती खाटेच्या कडेला टेकली, कंबर दाबत. "मी गेले तर ते अबोला कुणाशी धरतील, ग्यानो?"

 मी उरलेले कपडे काढून तिच्या हातात देत राहिले. बाहेर बाबांचा आवाज आला, "ग्यानो, तिला विचार, चहा घेणार का!" दीदीने होकाराची मान हलवली, आणि मी चहा टाकायला उठले.